दगडाखालचा किडा आणि नदीचा परवाना

हिंदमातेला राहणाऱ्या माणसाला पाण्यात कसे चालावे हे कोणी शिकवावे लागत नाही. जुलैचा धुवाधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की सिनेमाच्या नाक्यावर कमरेएवढे पाणी चढते. कापडाच्या दुकानांतले गठ्ठे माळ्यावर जातात. अशा पाण्यात पाय उचलून टाकायचा नसतो. जमिनीला घासत पुढे न्यायचा, खाली गटाराचे झाकण आहे की नाही ते अंगठ्याने चाचपायचे आणि मगच अंगाचा भार टाकायचा. ही विद्या आम्ही लहानपणी शिकलो. तिचा उपयोग न्यूझीलंडच्या नदीत होईल असे मात्र आमच्या स्वप्नातही आले नव्हते.

आमची भाची तिकडे हॅमिल्टन शहरात परिचारिका आहे. 2024 च्या जुलैत तिने आम्हा दोघा नवरा-बायकोला हट्टाने बोलावून घेतले. एके दिवशी म्हणाली, "मामा, उद्या मासे धरायला जायचे. गाईड ठरवला आहे." गाईडची फी ऐकून आमचा घास घशातच अडकला. तेवढ्यात आमच्या घरचा कित्येक महिन्यांचा किराणा आला असता. शिवाय दर रविवारी विहारात मुलांना पंचशील सांगणाऱ्या माणसाने हौसेसाठी गळ टाकावा का, हाही प्रश्न होताच. आम्ही नको म्हटले. तेव्हा ती म्हणाली, "आजोबा गरी टाकायचे असे आई सांगते. मग तुम्हाला का नको?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे वडील कोकणातून परळच्या गिरणीत आले आणि 1982 च्या संपानंतर घरी बसले. पण मूळचा माणूस नदीचा. गावी पाणवठे दोन होते. वरचा गावाचा, खालचा आमचा. वरच्या डोहात मासा मोठा असे, पण तिथे आमच्या लोकांनी पाय बुडवायचा नाही असा दंडक होता. वडील खालच्या उथळ पाण्यात उभे राहत. गरी टाकण्यापूर्वी ते दगड उलटून बघायचे. दगडाच्या पोटाला किडे चिकटलेले दिसले तर थांबायचे, नाही तर पुढे चालू लागायचे. मुंबईत आल्यावर त्यांनी पुन्हा कधी गरी हातात धरली नाही. त्यांना येत असलेली ही गोष्ट विद्या आहे असे कोणी त्यांना सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही सांगितले नाही.

असो. निघण्यापूर्वी परवाना काढावा लागला. आमचे उभे आयुष्य फॉर्म तपासण्यात गेले, त्यामुळे तो आम्ही बारकाईने वाचला. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फी, संपले. त्या देशात कोणीही परवाना काढून गळ टाकू शकतो, पण ट्राउट मासा बाजारात विकायला कायद्याने बंदी आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नदीतल्या ट्राउटवरचा मासेमारीचा हक्कही कोणाला विकता किंवा भाड्याने देता येत नाही. इंग्लंडात नदीकाठच्या जमिनीचा मालक हा सहसा तिथल्या मासेमारीचाही मालक असतो, आणि चांगल्या नद्या पिढ्यान्‌पिढ्या बड्या लोकांच्या ताब्यात राहिल्या. तिथून आलेल्या वसाहतवाल्यांच्या या देशाने मात्र निराळा कायदा केला. गाईड पैसे घेतो ते स्वतःच्या श्रमाचे आणि माहितीचे, पाण्याचे नव्हे.

तुरांगी हे गाव टोंगारीरो नदीच्या काठी आहे. नदी पुढे टाउपो या विशाल तळ्याला मिळते. जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा. त्या दिवसांत तळ्यातले इंद्रधनुषी ट्राउट अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतात, आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे चढतात तसेच. गाईड माओरी होता, पन्नाशीचा, अंगाने थोराड. त्याने आम्हाला छातीपर्यंतची रबरी विजार चढवली. पाणी बर्फासारखे गार आणि ओढ भारी. भाची घाबरून ओरडली, "मामा, पाय उचलू नका!" आम्ही हिंदमातेच्या पद्धतीने पाय घासत थेट मधल्या खडकापर्यंत गेलो. गाईड बघतच राहिला. पूर्वी कुठल्या नदीत उतरला होतात, असे त्याने विचारले. आम्ही सांगितले, "रस्त्यात."

मग त्याने वाकून तळाचा एक दगड उचलला आणि उलटा करून आमच्यापुढे धरला. त्याच्या पोटाला चपटे, सहा पायांचे, शेपटीला बारीक तंतू असलेले किडे चिकटले होते. आम्हाला एकदम भरून आले. वडील डोळ्यांपुढे उभे राहिले.

या किड्याला निम्फ म्हणतात. संध्याकाळी नदीवर नाजूक माश्यांचे थवे उडतात, त्यांचे हे बालपण. ते महिनोन्‌महिने, काही जातींत वर्षाहूनही जास्त, पाण्याखाली दगडांत जाते. पंख फुटून वर आल्यावर त्यातल्या कित्येक जातींचे आयुष्य उरते जेमतेम एखाद-दोन दिवसांचे. ट्राउटचे बहुतेक खाणे पाण्याखालीच चालते. म्हणून गळावर पिसे, तार आणि जड मणी बांधून हुबेहूब तसा खोटा किडा करतात. एक जड, एक हलका असे दोन किडे दोरीला लावतात आणि वर लोकरीचा गोंडा. गोंडा वाहता वाहता अडखळला की समजावे, खाली माशाने तोंड लावले.

गाईडने एक गोष्ट सांगितली, ती आमच्या वाचकांसाठी मुद्दाम देतो. इंग्लंडच्या नामांकित नद्यांवर खानदानी लोक फक्त पाण्यावर तरंगणारी खोटी माशी वापरत आणि पाण्याखालून निम्फ वाहवणे कमी प्रतीचे समजत. स्क्यूज नावाच्या वकिलाने 1910 साली पुस्तक लिहून निम्फची बाजू मांडली. पुढे 1938 साली लंडनच्या क्लबात या प्रश्नावर रीतसर वादसभा झाली. माशाने काय खावे यावरही सोवळे-ओवळे! नंतर फ्रँक सॉयर नावाच्या नदीच्या राखणदाराने निम्फ बांधला, तो आज जगभर वापरतात. त्याचे सामान काय, तर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. सॉयर पगारी नोकर होता. पण रोज पाण्याकडे बघण्याचे त्याचे काम होते, म्हणून जे वरच्यांना दिसले नाही ते त्याला दिसले.

तासाभराने आमचा गोंडा बुडाला. काठी वाकली, दोरी सरसरली. गाईड सांगत होता तशी आम्ही ढील दिली, ओढ घेतली आणि शेवटी जाळ्यात मासा आला. अंगावर गुलाबी पट्टा, पोटात अंडी. त्याच्या गालफडाची धडधड हाताला लागली. आमच्या घरी बोंबील, मांदेली नेहमी असतात, तेव्हा आम्ही साधुत्वाचा आव आणणार नाही. खाण्यासाठी धरणे आम्हाला समजते. पण पोटुशी मासळी केवळ गंमत म्हणून दमवावी, हे मनाला लागले. मुलांची आई काठावरून एवढेच म्हणाली, "अहो, सोडा तिला." गाईडने गळ काढला आणि तिला प्रवाहाच्या तोंडाशी धरले. दम आल्यावर ती निघून गेली. आम्ही पुन्हा काठी घेतली नाही. उरलेला वेळ आम्ही तिघे दगड उलटून बघत होतो.

चहा पिताना आम्ही त्या देशाच्या कायद्याची तारीफ केली. गाईड हसला. म्हणाला, ट्राउट इथला नव्हे, गोऱ्यांनी बाहेरून आणून सोडलेला. टाउपो तळ्यात पूर्वी कोआरो नावाचा लहान देशी मासा अमाप होता, त्यावर त्याच्या नगाती तुफारेतोआ जमातीचे पोट चाले. ट्राउटने तो खाऊन संपवत आणला. 1926 साली सरकारने कायदा करून तळ्याचा तळ स्वतःकडे घेतला आणि जमातीला दरसाल रक्कम देण्याचे ठरवले. तळाची मालकी जमातीकडे परत आली ती 1992 च्या करारात, आणि तेव्हाही सर्वांचा पाण्यावर येण्याचा हक्क कायम ठेवला गेला.

1926 ऐकताच आम्ही त्याला 1927 सांगितले. 1923 साली सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणी सर्वांना खुले झाले, 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले, तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना ओंजळ भरावी लागली. त्यानंतर दंगल, शुद्धीकरण आणि दावे झाले, आणि हायकोर्टाचा निकाल आला तो 1937 साली. गाईडने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या तळ्यात मासे होते का?" आम्हाला हसू आले आणि लाजही वाटली. त्या तळ्याचे आम्ही शेकडो वेळा भाषण केले, पण पाण्यात काय राहते हे कधी वाकून पाहिले नव्हते. आमच्या वडिलांनी मात्र जे खालचे पाणी वाट्याला आले, त्याचा दगड नि दगड पाहिला होता.

रात्री मुलाचा फोन आला. हिंदमातेला पाणी भरले होते. 2021 पासून जवळ जमिनीखाली टाक्या बांधल्या, पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते, तरी भरते ते भरतेच. आम्ही त्याला सांगितले, "पाय घासत चाल."

परत आल्यावर तो परवाना आम्ही वडिलांच्या लोखंडी पेटीत, त्यांच्या गिरणीच्या पासाशेजारी ठेवला. त्यावर नाव आमचे आहे. खरे तर तो त्यांच्या नावावर निघायला हवा होता. येत्या मे महिन्यात विहारातल्या मुलांना घेऊन गावी जायचे ठरवले आहे. गळ न्यायचा नाही. नदीत उतरायचे ते वरच्या पाणवठ्यावर, आणि मुलांना एकेक दगड उलटून दाखवायचा.