डोली, भिंत आणि ओढणी : अलीगढच्या अब्दुल्ला हॉलला भेट

दिल्लीहून कानपूरच्या दिशेने निघालेली गाडी सुमारे 130 किलोमीटरवर अलीगढला थांबते. स्टेशनाबाहेर पडले की सायकल-रिक्षा, ई-रिक्षा आणि कुलुपांच्या दुकानांच्या पाट्या. कुलुपांसाठी हे शहर देशभर ओळखले जाते. आमच्यासारख्या कोकणातल्या माणसांना मात्र अलीगढ म्हटले की विद्यापीठच आठवते.

आम्ही गेलो होतो ते माझ्या भाचीसाठी. तिची बारावी झाली होती आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या विमेन्स कॉलेजात शिकायचे तिने मनावर घेतले होते. घरात यावर बरीच चर्चा झाली. पहिला प्रश्न फीचा नव्हता, कोर्सचाही नव्हता. तिच्या अब्बांनी विचारले, "तिथे होस्टेलात मुलींनी काय घालायचे असते?" तिची आजी म्हणाली, "बुरखा सुटला तर?" आणि भाचीने हळूच विचारले, "आणि खोलीतही घालावा लागला तर?" तिघांची काळजी वेगवेगळी, पण विषय एकच. म्हणून ठरवले की फॉर्म भरण्याआधी जागा डोळ्यांनी पाहावी.

आधी आम्ही जुन्या शहरात, ऊपर कोटच्या बाजूला गेलो. चढावर जामा मशीद आहे, भोवती अरुंद गल्ल्या. याच जुन्या वस्तीत 1906 च्या ऑक्टोबरात शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या बेगम वहीद जहाँ यांनी भाड्याच्या घरात मुलींची शाळा सुरू केली. शेख अब्दुल्ला मूळचे काश्मीरच्या पूंछ भागातले. जन्माने हिंदू, नाव ठाकुर दास. तरुणपणी त्यांनी इस्लाम स्वीकारला, अलीगढला शिकले आणि वकील झाले. 1904 पासून ते 'खातून' नावाचे उर्दू मासिक चालवत आणि त्यातून मुलींच्या तालीमीची बाजू मांडत. पुढे सारे अलीगढ त्यांना 'पापा मियाँ' आणि त्यांच्या बेगमना 'आला बी' म्हणू लागले.

या गल्ल्यांतून चालताना त्या काळातली मुलींची अडचण लक्षात येते. शरीफ घराण्यातली मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की रस्त्यावर पायी चालत नसे. म्हणून शाळेने डोल्या ठेवल्या. कहार डोली दारापाशी आणत, मुलगी आत बसे, पडदा सोडला जाई आणि डोली थेट शाळेच्या अंगणात उतरे. आजच्या स्कूल बसचे काम तेव्हा डोली करत होती. पण डोलीला खर्च येतो, आणि मुलगी जरा मोठी झाली की डोलीतूनही पाठवायला घरचे तयार नसत. वाचता यायला लागले, कुराणशरीफ झाले, थोडा हिशोब आला, की शाळा बंद. म्हणजे ज्या वयात खरे शिक्षण सुरू व्हायचे, त्याच वयात ती घरी बसायची. तिची बुद्धी कमी पडत नव्हती. बाहेर पडताना तिने अंगावर काय घ्यायचे आणि कोणाच्या नजरेला पडायचे, या प्रश्नावर तिचे शिक्षण अडत होते.

यावर या जोडप्याने काढलेला उपाय पाहायला आम्ही शहराच्या दुसऱ्या बाजूला गेलो. मुलींनी रोज रस्ता ओलांडायचाच नाही, शाळेतच राहायचे, असा तो उपाय. 1911 मध्ये वसतिगृहाची पायाभरणी झाली आणि 1914 मध्ये ते उघडले. आज त्या परिसराला अब्दुल्ला हॉल म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला आधी दिसते ती भिंत. आजच्या मुलीला ती उंच वाटेल, बंदिस्तही वाटेल. पण 1914 च्या मुलीच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र बदलते. भिंतीच्या आत सगळ्या बायकाच. म्हणजे आत बुरखा नको, डोली नको. वर्गातून अंगणात, अंगणातून खोलीत मोकळेपणी जायचे. पोशाखाचे सगळे ओझे त्या विटांनी उचलले होते आणि मुलगी पुस्तक घेऊन मोकळी झाली होती.

नुसती भिंत दाखवून मात्र आईबाप मुली देत नाहीत. आला बी स्वतः मुलींमध्ये राहिल्या, त्यांच्या जेवणाखाण्याकडे, आजारपणाकडे त्यांनी घरच्यासारखे पाहिले. आपल्या स्वतःच्या मुलीही त्यांनी याच शाळेत शिकवल्या. दुसऱ्यांच्या मुली मागण्याआधी आपल्या मुली पुढे करणाऱ्यांवर लोकांचा विश्वास बसतो.

वसतिगृहाच्या उद्घाटनाला भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम आल्या होत्या. या बाईंची गोष्ट आपल्या घरांतल्या मुलींना जरूर सांगावी. त्या स्वतः बुरखा घेत. 1911 मध्ये पाचव्या जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणासाठी त्या इंग्लंडला गेल्या, त्याही बुरख्यातच. परद्याची बाजू मांडणारे 'अल-हिजाब' हे पुस्तक त्यांच्या नावावर आहे. आणि याच बाईंनी राज्य चालवले, मुलींच्या शाळांना मदत केली आणि 1920 मध्ये अलीगढ विद्यापीठ झाले तेव्हा त्या त्याच्या पहिल्या कुलपती झाल्या. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन 1927 मध्ये आपल्या पुण्यात झाले, त्यानंतर 1928 च्या दिल्ली अधिवेशनाच्या अध्यक्षाही त्याच होत्या. परदा आणि तालीम यांतले एकच निवडा, असे त्यांनी कोणत्याही मुलीला म्हटले नाही.

याच वर्षांतले दुसरे चित्र आपल्या कोकणाशी नाते सांगणारे आहे. अलीगढच्या कामाला मुंबईच्या फैजी बहिणींची साथ होती. त्यांतल्या नाझली जंजिऱ्याच्या बेगम, मुरूडकरांना माहीत असलेल्या. त्यांची बहीण अतिया 1906 मध्ये, म्हणजे अलीगढची शाळा उघडली त्याच वर्षी, लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिकायला गेली. तिच्या घराण्याने परदा सोडला होता. तरी तिथे तिने मेमसाहेबांचा पोशाख केला नाही, डोक्यावर पातळ वस्त्र घेण्याची आपली पद्धत ठेवली. तिची तिथली पत्रे लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'मध्ये छापून येत आणि परद्यातल्या बायका ती वाचत. एकीकडे डोलीतून शाळेला जाणारी मुलगी, दुसरीकडे लंडनच्या वर्गात बसणारी तरुणी. पोशाखात एवढे अंतर असूनही दोघींची पावले शिक्षणाकडेच वळली होती.

विद्यापीठाच्या मुख्य परिसरात फिरताना काळी शेरवानी घातलेली मुले दिसली आणि भाचीने लगेच विचारले, "मुलांनाही ड्रेस कोड आहे की!" आहेच, आणि तो जुना आहे. सर सय्यद यांच्या कॉलेजात काळा तुर्की कोट, लाल फेज टोपी, पांढरी विजार, बूट-मोजे असा पोशाख होता. पुढे शेरवानी आली. नवाबाचा मुलगा आणि कारकुनाचा मुलगा एकाच रांगेत एकसारखे दिसावेत, आणि पोशाखावरूनच हा अलीगढचा आहे हे कळावे, हा त्यामागचा हेतू. मुलांच्या पोशाखात अभिमान होता, बरोबरी होती. मुलींच्या पोशाखाबद्दल मात्र समाजाने एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे झाकले आहे का. सूरह नूरमध्ये 30 व्या आयतीत आधी मोमिन पुरुषांना नजर खाली ठेवण्याचा हुकूम आहे, स्त्रियांबद्दलची आयत त्यानंतरची, 31 वी. आपल्या घरांत चर्चा बहुधा 31 पासूनच सुरू होते.

भिंतीआडून निघालेल्या मुली पुढे काय झाल्या? पापा मियाँची थोरली मुलगी रशीद जहाँ दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून डॉक्टर झाली, साधी खादी वापरू लागली आणि उर्दूत लिहू लागली. 1932 च्या 'अंगारे' या संग्रहात तिचे लेखन आले आणि मोठे वादळ उठले. आणखी एक मुलगी खुर्शीद लग्नानंतर मुंबईला बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत 'रेणुका देवी' या नावाने चमकली. मुमताज जहाँ ही मुलगी याच कॉलेजची प्राचार्य झाली. मुंबईकरांना जवळच्या वाटणाऱ्या इस्मत चुगताई याच वसतिगृहात राहिल्या. बुरख्याबद्दलची नाराजी त्यांनी आपल्या आत्मकथनात लपवलेली नाही. एकाच घरात आणि एकाच अंगणात वाढलेल्या मुली इतक्या वेगळ्या वाटांनी गेल्या. त्यांतल्या काहींच्या वाटा आपल्याला पटतील, काहींच्या पटणार नाहीत. पण पापा मियाँनी शाळा बंद केली नाही. 1937 पर्यंत तिथे पदवीचे वर्ग सुरू झाले होते. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते अल्लाहला प्यारे झाले. एप्रिल 2024 मध्ये विद्यापीठाला पहिल्या महिला कुलगुरू मिळाल्या, प्रा. नईमा खातून. त्या आधी याच विमेन्स कॉलेजच्या प्राचार्य होत्या.

दुपारी कॉलेजच्या फाटकाबाहेर आम्ही बराच वेळ थांबलो. कुणी काळ्या बुरख्यात, कुणी सलवार-कमीज आणि ओढणीत, कुणी नुसता स्कार्फ बांधलेली, कुणी डोके उघडे ठेवलेली, आणि सगळ्या एकाच ई-रिक्षात दाटीवाटीने बसून बाजारात निघालेल्या. आझमगढकडची एक मुलगी भाचीशी बोलायला थांबली. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी सगळ्या एकमेकींच्या कपड्यांकडे बघतात. दुसऱ्या वर्षी नोट्सकडे." मग तिने उपयोगाच्या गोष्टी सांगितल्या. जानेवारीची थंडी कोकणातल्या शालीने भागत नाही, लोकरीचे कपडे आणच. प्रयोगशाळेत ओढणी पिन लावून ठेवायची, आणि सुतीच बरी, नायलॉनची ओढणी बर्नरजवळ धोक्याची. नमाजासाठी एक वेगळी मोठी ओढणी ठेव. भडक, महागडे कपडे आणू नकोस, ज्या मुलीला ते परवडत नाहीत तिच्या मनाला लागते.

तिचे बोलणे ऐकताना आपल्याकडच्या मुली आठवल्या. 2022 मध्ये उडुपीच्या सरकारी मुलींच्या कॉलेजातून हिजाबचा वाद उठला. मार्चमध्ये कर्नाटक हायकोर्टाने मुलींच्या विरोधात निकाल दिला. ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दोन दिशांना गेले. मुलीला हिजाबमुळे शाळेबाहेर ठेवून आपण तिचे आयुष्य सुधारतो आहोत का, असा प्रश्न न्या. सुधांशु धुलिया यांनी निकालात उभा केला. 2024 मध्ये मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजाने हिजाब, बुरखा, टोपीला मनाई केली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये हिजाब आणि टोपीवरच्या मनाईला अंतरिम स्थगिती दिली, वर्गातल्या बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. बाहेरचे म्हणतात, काढशील तर आत ये. घरचे कधी कधी म्हणतात, आम्ही सांगू तसे घालशील तरच जा. दोन्हीकडची अट एकाच मुलीवर पडते, आणि ती अट पाळता आली नाही की दोन्ही वेळा सुटते ते तिचे कॉलेज.

म्हणून अब्दुल्ला हॉल पाहून मला एक कसोटी हाती आली असे वाटते. पोशाखाचा कोणताही नियम, मग तो होस्टेलचा असो की घरचा, मुलीला वर्गात टिकवतो की घरी पाठवतो? 1906 ची डोली तिला वर्गात नेत होती, म्हणून ती चांगली. तीच डोली महाग पडून शिक्षण थांबवू लागली, तेव्हा पापा मियाँ आणि आला बींनी भिंत बांधली. पुढच्या पिढ्यांना भिंतीबाहेर जाऊन शिकायचे होते, तेव्हा बुरखा आणि ओढणी सोबत घेऊन मुली बाहेर पडल्या. हया कायम राहिली, ती जपण्याची साधने बदलत गेली.

मुलीला बाहेरगावी ठेवण्याच्या विचारात असलेल्या आईवडिलांनी फॉर्म भरण्याआधी काही गोष्टी नक्की विचाराव्यात. पोशाखाचे नियम लेखी आहेत का, की वॉर्डन बदलली की नियम बदलतात? वर्ग, मेस, खोली आणि बाहेर जाणे, यांसाठी नियम वेगवेगळे आहेत का? खेळाच्या तासाला काय चालते? नियम मोडल्यावर समज दिली जाते, दंड होतो, की थेट घरी पाठवतात? डोके झाकणारी आणि न झाकणारी, दोघींना तिथे सारखी इज्जत मिळते का? याची उत्तरे ऑफिसात विचारावीत, आणि मग फाटकाबाहेर थांबून तिथल्या मुलींनाही विचारावीत.

शेवटचा प्रश्न घरात विचारायचा असतो, आणि तो मुलीलाच. बाळ, तुला कोणत्या कपड्यांत मोकळेपणी अभ्यास करता येईल? सतरा-अठरा वर्षांची मुलगी याचे उत्तर देऊ शकते. तिच्यावर एवढा विश्वास ठेवला, तर होस्टेलच्या खोलीत तिला बघायला कोणी नसेल तेव्हाही ती घरचे संस्कार आपणहून जपेल, इन्शाअल्लाह. कपाटातले कपडे आपण घेऊन देऊ शकतो. कुराणशरीफने ज्याला सर्वांत चांगला पोशाख म्हटले आहे, तो तकव्याचा लिबास मात्र ज्याचा त्यानेच घालायचा असतो.