अंड्यांवर कोण बसलंय?

नवी मंडळी पक्षी बघायला बरोबर आली, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘यातली मादी कोणती?’ दयाळ किंवा कोकीळ असला तर उत्तर रंगावरूनच देता येतं. छोट्या खंड्याच्या मादीची खालची चोच नारिंगी असते, पण तळ्याच्या पलीकडच्या काठावरून ती दिसणार कशी? अशा वेळी मी चोचीतला मासा पाहतो. स्वतः खायचा असेल तर खंड्या माशाचं डोकं घशाकडे धरतो. डोकं बाहेर असेल तर घास दुसऱ्या कुणाचा तरी. विणीच्या सुरुवातीला, पिल्लं नसताना, तो ज्या चोचीत जातो ती मादी.

कमळपक्ष्यांपाशी मात्र घाई करू नये. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत पावसाळ्यात शिंगाड्याच्या वेलांवर लांब शेपटीचे कमळपक्षी अंडी घालतात. चकचकीत तपकिरी, पितळी झाक असलेली चार अंडी, आणि त्यांच्यावर पंख किंचित उचलून बसलेला पक्षी. ‘आई बसली बघा,’ असं कुणीतरी म्हणतंच. तो बाप असतो. पाणी चढून वेल बुडायला लागला, तर अंडी चोच आणि छातीच्या बेचक्यात धरून तोच ती सरकवतो. मादी अंगानं मोठी खरी, पण दोघं शेजारी उभे राहिले तरच तो फरक डोळ्यांत भरतो. एरवी तिला ओळखायचं ते भांडणावरून: दुसरी मादी हद्दीत शिरली की तिच्यावर धावून जाणारी ती ही. एका नराला अंडी दिली की ती त्याच हंगामात दुसऱ्या नराकडे वळते. म्हणून माझी नजर घरट्यावर कमी आणि आजूबाजूच्या पाण्यावर जास्त असते. फोटो काढणाऱ्यांना हे पटत नाही; त्यांना घरटंच हवं असतं, आणि तिथे फार वेळ रेंगाळलं की नर उठून जातो, अंडी उन्हात पडतात.

टिबुकलीत तर मीलनाच्या वेळी वर कोण, यावरूनही खात्री देता येत नाही; कधीकधी मादीच नरावर चढते.

सुगरणींचं वागणं सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला 1930 च्या सुमाराला बारकाईनं पाहिलं. घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती आत शिरते, इकडेतिकडे ओढून बघते. पसंत पडलं तर राहते आणि मगच नर खालचं नळकांडं पुरं करतो. पिवळ्या टोपीचा नर ओळखायला कसलंच कसब लागत नाही. घोळ होतो तो तपकिरी पक्ष्यांचा, कारण वयात न आलेले नरही मादीसारखेच दिसतात आणि वेडीवाकडी घरटी विणून हात बसवत असतात. त्यामुळे गवताची पाती घेऊन गाठी मारत बसलेला तपकिरी पक्षी दिसला, तरी वहीत ‘मादी’ लिहायचं मी टाळतो. तयार घरट्यात शिरून बराच वेळ बाहेर न येणाऱ्या तपकिरी पक्ष्यापुढे मात्र बिनधास्त लिहितो.