शिंगांमधून दर्शन

बंगळुरूतलं बसवनगुडी म्हणजे कानडीत नंदीचं देऊळ. तिथल्या मोठ्या नंदीपासून जवळच, गवीपुरमला, गवी गंगाधरेश्वराचं गुहेतलं मंदिर आहे. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचं ऊन नंदीच्या शिंगांमधून आत शिरतं आणि थोडा वेळ पिंडीवर पडतं. एरवीही सूर्य असतो, नंदी असतो, पिंडी असते. जुळत नाही तो कोन. महाधमनीचा व्हॉल्व्ह किती आकसला आहे हे टूडी इकोवर पाहणाऱ्या आम्हा मंडळींचं निम्मं कसब या कोनातच आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की या आजारात रक्ताच्या वेगाचा मोठा आकडा हा पुरावा असतो, पण लहान आकडा म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

निरोगी व्हॉल्व्ह उघडला की रक्ताला 3 ते 4 चौरस सेंटिमीटर वाट मिळते. पाकळ्यांत कॅल्शियम साचून वाट अरुंद झाली की रक्त वेगानं सुटतं. इकोतला डॉप्लर तो वेग मोजतो. वेगाचा वर्ग करून चारानं गुणलं की दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मिळतो. सेकंदाला 4 मीटर वेग, दाबात सरासरी 40 मिलिमीटर पाऱ्याचा फरक आणि 1 चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी वाट, या तीव्र अरुंदपणाच्या खुणा. समजा, खरा वेग 4.5 आहे, म्हणजे सर्वाधिक फरक 81 यायला हवा. प्रोब 30 अंशांनी तिरका राहिला तर मशीन 3.9 दाखवतं आणि फरक 61 वर येतो. व्हॉल्व्ह तोच, रुग्ण तोच, पण ‘तीव्र’चा ‘मध्यम’ झाला. कोन चुकला तर वेग घटतोच, वाढत नाही. म्हणून हृदयाच्या टोकाकडून चांगला आलेख मिळाला तरी रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या उजव्या कडेनं, मग मानेच्या खाचेतून, बारीक पेन्सिल प्रोबनं पुन्हा शोधावं लागतं. धार नेमकी सापडली हे कानाला आधी कळतं: घरघर जाऊन शिट्टीसारखा बारीक सूर लागतो, मग पडद्यावर आलेखाची कडा स्वच्छ उमटते.

मोठा आकडाही फसवू शकतो, असं कोणी म्हणेल. खरं आहे. मायट्रल व्हॉल्व्हच्या गळतीची धार चुकून पकडली किंवा रुग्णाला रक्तक्षय असला तर वेग फुगतो. पण गळतीची धार जास्त वेळ चालते, आलेखावर ओळखू येते. रक्तक्षय साध्या तपासणीत कळतो. लहान आकड्याची फसवणूक मात्र मुकी असते. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, पण मुळात पाणीच बारीक येत असेल तर कितीही दाबा, धार उडणार नाही. हृदयाचा स्नायू थकलेला असला, किंवा जाड होऊन आतली जागाच लहान झाली असली, तर दर ठोक्याला रक्त कमी सुटतं आणि तीव्र अरुंदपणाही सौम्य वाटतो.

मग वेग सोडून थेट वाटेचं क्षेत्रफळच का धरू नये? कारण ते काढताना व्हॉल्व्हखालच्या मार्गाचा व्यास लागतो आणि त्याचाही वर्ग होतो. 20 मिलिमीटरऐवजी 18 मोजले तर 1.1 ची वाट 0.9 होते आणि नसलेला तीव्र अरुंदपणा कागदावर येतो. म्हणजे शंका दोन्ही बाजूंनी घ्यायची. आकडे एकमेकांशी भांडू लागले की आधी मोजमाप पुन्हा करावं, दर ठोक्याला किती रक्त सुटतं ते पाहावं, रक्तदाब नोंदवावा. तरीही उलगडा झाला नाही तर सीटी स्कॅनवर कॅल्शियम मोजावं. पुरुषांत सुमारे 2000 आणि स्त्रियांत 1200 एककांच्या पुढे तीव्र अरुंदपणाची शक्यता दाट असते.

रांगेत माणसं ताटकळत असताना इतकं कोण करणार, हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. पण प्रोब ठेवायच्या या सगळ्या जागांवरून, म्हणजे खिडक्यांतून, पाहायला काही मिनिटं लागतात. चुकून ‘मध्यम’ ठरलेला रुग्ण मात्र निर्धास्त होऊन महिनोन्‌महिने परत येत नाही. दरम्यान तो लालबागेतली फेरी अर्धी करतो, जिने टाळतो आणि ‘मला काही त्रास नाही’ म्हणतो. नातेवाईक विचारतात, ‘व्हॉल्व्ह किती टक्के बंद?’ या प्रश्नाला टक्क्यांत उत्तर नाही; आकडा कसा मिळाला, यावरच उत्तर अवलंबून असतं. सहकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की रिपोर्टवर 3.9 लिहाल तेव्हा तो कोणत्या खिडकीतून मिळाला आणि कोणत्या खिडक्या पाहायच्या राहिल्या, हेही त्याखाली लिहा.