नेपच्यूनचे दोन ग्रॅम

या पावसाळ्यापासून गुरू मी लेथवर चढवत नाही. मनगटाला तो ठोकळा पेलत नाही. माझ्या मापात पृथ्वी २ सेंटिमीटरची, म्हणून गुरू जवळजवळ २२ सेंटिमीटरचा आणि ७ किलो ३०० ग्रॅमचा. आता तो माझ्याकडे शिकणारा पोरगा करतो, आणि चांगला करतो. शनीही त्याच्याकडेच गेला. बारके चार आणि युरेनस-नेपच्यूनची जोडी माझ्याकडे राहिली. ही जोडी मनगट धड असतं तरी मी कुणाला दिली नसती.

नुसत्या आकाराचे ग्रह कुणीही करील. मला आकार आणि वजन एकाच प्रमाणात हवं असतं. मग प्रत्येक गोळ्याची सरासरी घनता खऱ्या ग्रहाइतकीच यावी लागते, त्यातून सुटका नाही. शनी त्यातल्या त्यात सोपा. त्याची घनता ०.६९, निवडून घेतलेलं सागवान साधारण तेवढंच भरतं. १८ सेंटिमीटरचा गोळा, २ किलो २०० ग्रॅम. बादलीत सोडला की तरंगतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. गुरू शनीपेक्षा ४ सेंटिमीटरनेही मोठा नाही, पण वजनाला तिपटीहून जास्त. त्याच्या पोटात बिडाचा गोळा बसवावा लागतो. पृथ्वीला ॲल्युमिनियमच्या कवचात शिसं, सगळी मिळून २३ ग्रॅम. मंगळ अडीच ग्रॅम. बुध सव्वा ग्रॅम, आणि माझे संच घेणाऱ्या शाळांतून सर्वांत आधी हरवतो तोच.

हे सगळं जमतं. अडतं ते त्या जोडीवर.

युरेनस ८ सेंटिमीटरचा, नेपच्यून ७.७ चा. शेजारी ठेवले तर तीन मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळतही नाही. पण लहान तो जड आहे: युरेनस ३३५ ग्रॅम, नेपच्यून ३९६. दोन्हींच्या पोटात शिसं, एकात तीन सेंटिमीटरचा गाभा, दुसऱ्यात साडेतीनचा. शिसं बिचारं इमानी, ओतलं तेवढंच राहतं. लाकूड राहत नाही. कोकणातल्या आषाढात सागवानाचं तेच कवच सात-आठ ग्रॅम पाणी पिऊन बसतं आणि फाल्गुनात ते सोडून देतं. शिवाय सुकताना रेषेच्या आडवं जास्त आखडतं, म्हणजे गोळा लांबट होतो. लाखेचा थर दाट दिला तर ओल आत जायला वेळ लागतो, पण थांबत नाही, आणि लाखेचंही वजन होतंच. मी ठोकळे तीन-तीन वर्षं माळ्यावर ठेवून पाहिले, कवच पातळ करून पाहिलं, दोन अर्धुकांचा सांधा वेगवेगळ्या डिंकांनी जोडून पाहिला. नेपच्यून अजून ऋतूप्रमाणे हलतो.

पोरगा म्हणतो, “काका, पाच ग्रॅम हाताला कुणाच्या कळतायत?” कळत नाहीत, हे खरं. उलट हात मुळातच फसवतो. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंत लहान ती त्याला जड वाटते, म्हणून गुरू उचलणारा “एवढाच?” म्हणतो. पण ही वजनं माणसाला मिळाली कशी, ते मी विसरू शकत नाही. ग्रह तराजूत घालता येत नाही. त्याचा चंद्र किती अंतरावरून किती वेळात फिरतो, त्यावरून वजन निघतं. नेपच्यून १८४६ मध्ये सापडला आणि सतराच दिवसांत लॅसेल या खगोलनिरीक्षकाला त्याचा ट्रायटन हा चंद्र दिसला, म्हणून हिशेब करता आला. तरी युरेनसच्या चालीत थोडी चूक उरलीच, आणि पलीकडे आणखी एक अज्ञात ग्रह असावा अशी शंका अनेक दशकं राहिली. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ हे यान नेपच्यूनजवळून गेलं, तेव्हा त्याचं वजन मानलं होतं त्याहून सुमारे अर्धा टक्का कमी भरलं. १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्टँडिश यांनी नवं वजन घालून गणित पुन्हा मांडलं आणि त्या अज्ञात ग्रहाची गरजच उरली नाही. अर्धा टक्का म्हणजे माझ्या गोळ्यात दोन ग्रॅम. दोन ग्रॅमनी एक ग्रह पुसला गेला, मग मी पाच कसे सोडू?

बाजारात मिळणाऱ्या संचांचा मला राग येतो तो याचमुळे. थर्मोकोलचे, पोकळ प्लॅस्टिकचे. गुरू पृथ्वीच्या जेमतेम तिप्पट, आणि युरेनस-नेपच्यून एकाच साच्यातले, फक्त रंग निराळा. यंत्राशी माझं वैर नाही. छापील कवचात मोजून शिसं भरलं तर ते माझ्यापेक्षा बिनचूक होईल, ओलही पिणार नाही. कुणी ते करत नाही, कारण वजन चित्रात दिसत नाही.

आणि एक लोभ सांगतो. पेटीच्या झाकणावर मी नावं लिहितो, वजनं लिहीत नाही. एखादे मास्तर दोन तळहातांवर दोन निळे गोळे घेतात, थबकतात, हात बदलून पाहतात आणि मग माझ्याकडे बघतात. ते बघणं मला हवं असतं. त्यासाठी प्रदर्शनात मी जेवायलाही टेबल सोडत नाही.

माझ्या हातचा संच ज्या शाळांत आहे त्यांनी येत्या फाल्गुनात नेपच्यून एकदा सोनाराच्या काट्यावर घालावा. ३९० च्या खाली किंवा ४०० च्या वर भरला, तर परत पाठवा. मी दुसरा करून देईन.