कासूच्या फलाटावरील क्रीडाचर्चा

कोंकणांत जाणाऱ्या पुष्कळ मंडळींस कासू हें नांव ठाऊक असतें. कासू गांव मात्र फार थोड्यांनीं पाहिलेलें असतें. मुंबई-गोवा महामार्गाचें रुंदीकरण २०११ सालीं हातीं घेण्यांत आलें, आणि मागाहून पळस्प्यापासून कासूपर्यंतचे ४२ किलोमीटर हा एक भाग आणि कासूपासून इंदापूरपर्यंतचे ४२ किलोमीटर हा दुसरा भाग, अशी कामाची वांटणी झाली. पुढें हें काम वर्षानुवर्षें रेंगाळलें, आणि गणपतीस गांवीं जाणाऱ्या चाकरमान्यांच्या तोंडीं व वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कासूचें नांव खड्ड्यांच्या संगतीनें येऊं लागलें. एखाद्या सज्जनाचें नांव केवळ कोर्टाच्या हकीकतींत साक्षीदार म्हणून छापून यावें, तसाच हा प्रकार होय. गांवाची खरी ओळख करून घ्यावयाची तर सडक सोडून आगगाडीनें जावें.

दिव्याहून पनवेलमार्गें रोह्यास जाणाऱ्या गाडीनें पेण सोडलें कीं पुढचें स्टेशन कासू व त्यापुढचें नागोठणें. हा लोहमार्ग १९८६ सालीं रोह्यापर्यंत पोंचला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्याहि याच रुळांवरून धांवूं लागल्या. त्या कासूची विचारपूस न करतां निघून जातात; उतारूंची साधी गाडी तेवढी येथें क्षणभर विसांवते. पूर्वेस डोंगर आणि पश्चिमेस खाडीकडे पसरलेला खारेपाट, अशी या मुलखाची मांडणी आहे. खारेपाटांतील शेतकऱ्याचा संसार बांधावर व त्या बांधांतील उघाडीवर अवलंबून असतो. ओहोटीच्या वेळीं आंतील पाणी बाहेर सोडावयाचें आणि भरतीच्या वेळीं खाडीचें पाणी आंत येऊं द्यावयाचें नाहीं, एवढेंच उघाडीचें काम. परंतु बांध एकदां फुटला कीं खारें पाणी शेतांत शिरून जमीन नासते, व ती पुन्हां सुधारण्यास वर्षें लागतात. पेण तालुका गणेशमूर्तींसाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे, आणि आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ सालीं याच तालुक्यांतील गागोदें गांवीं झाला, हेंहि वाचकांस ठाऊक असेलच.

गेल्या पौषांत आम्ही कासूस गेलों तें पोपटीच्या आमंत्रणावरून. भाताची कापणी झाल्यावर शेतांत वाल पेरतात. त्याच्या कोंवळ्या शेंगा भरल्या म्हणजे मडक्यांत भांबुर्डीचा पाला घालून, त्यांत शेंगा, मीठ व ओंवा भरून, मडकें पालथें ठेवून भोंवतीं जाळ करतात. पाण्याचा एक थेंबहि न घालतां शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. हा या जिल्ह्याचा थंडीतील मेवा होय. परंतु आमंत्रणाच्या पत्राखालीं यजमानांनीं एक ओळ जोडली होती, तिचा आशय असा कीं, घरांत नातवाच्या फोनवरून वाद माजला आहे. आपण आयुष्यभर मुलें वळविलीं, तेव्हां येऊन निवाडा करावा. घर एकत्र कुटुंबाचें. मुलाचे वडील म्हणत, दहावीचें वर्ष आहे, फोन कुलुपांत ठेवावा. धाकटे काका म्हणत, आजचीं सारीं पोरें खेळतात, यालाच कां जाच? आई बिचारी दोहोंच्या मध्यें. आणि आजोबा कोणाशींच बोलत नसत.

आम्हांस उतरून घेण्यास तोच नातू स्टेशनावर आला होता. त्याच्या संगतीस तीन सोबती होते, व त्यांतील दोघांना पुढच्या गाडीनें पेणला जावयाचें होतें. आम्हीं म्हटलें, "बाळांनो, घाई नाहीं. तुमची गाडी येईपर्यंत आम्हीहि बसतों. तुमचें चालूं द्या." त्यांचें जें चाललें होतें, तें म्हणजे सध्यां आपण कोणता खेळ खेळतों आणि तो कसा वाटतो, याविषयींची चर्चा.

पहिल्याच्या हातीं युद्धाचा खेळ होता. शंभर खेळाडू विमानांतून एका बेटावर उतरतात, सुरक्षित जागेचें वर्तुळ हळूहळू आकसत जातें, आणि शेवटपर्यंत जो उरेल तो जिंकतो. 'पब्जी' या नांवाचा मूळ मोबाइल-खेळ भारत सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं बंद केला. पुढें जुलै २०२१ मध्यें तो भारतासाठीं निराळ्या नांवानें आला. मुलाचें मत असें कीं, खेळ उत्तम, पण ज्याचा फोन महाग तो अर्धी लढाई आधींच जिंकतो. दुसरा लगेच म्हणाला, "तसें नाहीं रे. जागा ओळखतां आली पाहिजे आणि चौघांनीं एकमेकांचें ऐकलें पाहिजे. तूं एकटाच पुढें धांवतोस, म्हणून मरतोस." या आक्षेपावर पहिला क्षणभर गप्प झाला व मग म्हणाला, "हें बरोबर आहे. पण फोनचेंहि खरें आहे."

दुसऱ्यानें आपल्या थोरल्या भावाच्या संगणकावर 'राजी' हा खेळ नुकताच पुरा केला होता. पुण्यांतील एका मंडळीनें तो तयार केला व २०२० सालीं प्रसिद्ध केला. एक मुलगी असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघते, असें त्याचें कथानक आहे. मुलास त्यांतील जुन्या वाड्यांचीं व मंदिरांचीं दृश्यें आणि छायाबाहुल्यांनीं सांगितलेली कथा फार आवडली होती. परंतु "शेवट एकदम तोडल्यासारखा आहे, आतां पुढें काय असें वाटतें तोंच संपतो," अशी त्याची तक्रार होती.

तिसऱ्याचा खेळ म्हणजे साधा लुडो. तो फोनवरून सुरतेस राहणाऱ्या आपल्या मावशीबरोबर खेळे. 'लुडो किंग' हा खेळ नवी मुंबईंतील एका कंपनीनें २०१६ सालीं काढला आणि २०२० च्या टाळेबंदींत तो घरोघरीं पोंचला. येथें आमच्यानें राहवलें नाहीं. आम्हीं मुलांस सांगितलें कीं, आपल्याकडील पचीशीच्या पटावरून इंग्रजांनीं हा खेळ सोपा करून घेतला व १८९६ सालीं त्याचें पेटंट घेतलें; 'लुडो' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी खेळतों' असा आहे; आणि तो आतां आपल्या जिल्ह्याच्या शेजारींच नवा अवतार घेऊन परत आला आहे. मुलगा म्हणाला, "आजोबा, पण पटावर फांसा आपल्या हातांत असतो. फोनमध्यें तो कोण टाकतो तें दिसत नाहीं. मावशीला नेमका सहा कसा पडतो?" न दिसणाऱ्या फांशाविषयींची ही शंका किती महत्त्वाची आहे, याचा प्रत्यय आम्हांस थोड्याच वेळानें यावयाचा होता.

शेवटीं आमच्या यजमानांचा नातू बोलला. त्याचा खेळ 'माइनक्राफ्ट', स्वीडन देशांत जन्मलेला. मातीच्या, दगडाच्या व लांकडाच्या चौकोनी ठोकळ्यांनीं त्यांत वाटेल तें बांधतां येतें. या मुलानें त्यांत खारबांध घातला होता, खाडी आणली होती, उघाडी बसविली होती. त्याची तक्रार मात्र विलक्षण होती. "या खेळांतलें पाणी बांध फोडीतच नाहीं," तो म्हणाला. "मातीचा एक थर घातला तरी तो कायमचा टिकतो. मग बांध कसला आणि राखण कसली?"

आम्हीं चाळीस वर्षें संस्कृत शिकविलें. श्लोक फळ्यावर लिहून 'यांत तुम्हांस काय आवडलें व कां' असें विचारलें, तर वर्गांतून मार्गदर्शिकेंतील ठराविक वाक्यें येत. येथें कोणीहि न शिकवितां चार मुलें गुण व दोष दोन्ही सांगत होतीं, प्रत्येकाला कारण जोडीत होतीं, आणि समोरच्याचें म्हणणें पटलें तर तेवढें मान्य करून उरलेलें आपलें मत राखीत होतीं. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांहून निराळे ते काय असतात? खेळांकडे विद्येच्या दृष्टीनें पाहणें आपल्या परंपरेस नवें नाहीं. बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें 'मानसोल्लास' या ग्रंथांत क्रीडांचा विस्तारानें परामर्श घेतला आहे. आणि सापशिडीचें मूळ जो मोक्षपट, त्याचें कर्तृत्व तर परंपरा ज्ञानेश्वरमहाराजांस देते.

बांकाच्या टोंकाला एक पंचविशींतील तरुण नागोठण्याकडील गाडीची वाट पाहत बसला होता. एका कारखान्यांत ठेकेदाराकडे तो कामास होता. मुलांनीं त्यास विचारलें, "दादा, तूं काय खेळतोस हल्लीं?" तो हंसला व म्हणाला, "आतां कांहीं नाहीं. पूर्वीं रमी होती, पैशांची." मुलें कुतूहलानें सरसावलीं: कशी होती, अवघड होती का, काय आवडे? त्यानें बराच विचार केला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "काका, त्या खेळाविषयीं बोलायला कांहीं नव्हतेंच. किती आले आणि किती गेले, एवढेंच. आणि गेले तें कोणी कोणाला सांगत नसे." त्याचे आठ महिन्यांचे पगार त्यांत गेले होते व आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. समोर पत्ते कोण वांटतो, तें त्यालाहि कधीं दिसलें नव्हतें.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील चौतिसावें सूक्त जुगाऱ्याचें आहे. सासू त्याचा द्वेष करते, पत्नी त्याला दूर सारते, आणि आईबाप व भाऊ त्याची ओळखहि देत नाहींत. खेळणार नाहीं असा निश्चय तो करतो आणि फांशांचा आवाज ऐकतांच पुन्हां तिकडे धांवतो. हजारों वर्षांपूर्वींचा तो मनुष्य आमच्या शेजारीं कासूच्या बांकावर बसला होता. पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केला व २२ ऑगस्ट रोजीं त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. त्यांत शिक्षा आहे ती खेळविणाऱ्यास; खेळणाऱ्यास नाहीं. त्या तरुणाच्या फोनवरील रमी त्यानंतर बंद पडली. कर्ज मात्र उरलें, तें तो फेडीत आहे. आणि यंदां त्यानें घरच्या तुकड्यांत वाल केला आहे. अक्षसूक्ताच्या अखेरीस जुगाऱ्यास फांसे टाकून शेताकडे वळण्याचाच उपदेश आहे. त्यास तें सूक्त ठाऊक नव्हतें. आम्हीं तें सांगितलें, तेव्हां त्यानें फक्त मान हलविली. इतक्यांत त्याची गाडी आली.

सायंकाळीं पोपटीच्या जाळाभोंवतीं सारें घर जमलें, आणि आमच्याकडून निवाड्याची अपेक्षा झाली. आम्हीं इतकेंच म्हटलें कीं, फोन हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचें कोठार आहे. कुलूप लावण्यापूर्वीं आंत काय आहे तें पहावें. जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या ज्या सूचींत खेळाच्या व्यसनाचा समावेश केला, ती १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. त्या व्यसनाचीं लक्षणें तीन: खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व कामांहून खेळास वरचें स्थान मिळणें, आणि हानि दिसत असूनहि खेळणें चालूं ठेवणें, आणि तेंहि सहसा वर्षभर आढळलें पाहिजे. केवळ खेळणें हा रोग नव्हे. मग आम्हीं आजोबांस विनंति केली कीं, नातवाचा बांध आपण एकवार पहावा.

आजोबांनीं चष्मा लावला. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. नंतर म्हणाले, "उघाडीचें दार आंतल्या बाजूला कां लावलेंस? तें खाडीच्या बाजूला हवें. भरती आली म्हणजे पाण्याच्या दाबानेंच तें मिटतें, आणि ओहोटीला आंतलें पाणी तें ढकलून बाहेर जातें. तुझ्या दाराला भरती उघडून आंत येईल." मुलगा चकित झाला. "आजोबा, हें तुम्हांला कसें ठाऊक?" तेव्हां आजोबांनीं, आपण नातवाएवढे असतांना फुटलेल्या बांधावर रात्रभर चिखलाचीं ढेंकळें कशीं वाहिलीं, ती हकीकत सांगितली. घरांतील धाकट्यांनीं ती प्रथमच ऐकली.

अखेर ठरलें तें असें. परीक्षेपर्यंत अभ्यास आटोपल्यावर एक तास, तोहि सर्वांसमक्ष ओटीवर. जेवणाची हांक आली कीं खेळ बंद. पैसा लावावयाचा नाहीं, आणि खेळांतील वस्तूहि विकत घ्यावयाच्या नाहींत. मुलाच्या वडिलांस हें फारसें रुचलें नाहीं. परीक्षा झाल्यावर पाहूं, असें ते म्हणाले, आणि तें म्हणण्याचा त्यांस अधिकार आहे.

ज्यांच्या घरीं असा वाद असेल त्या वाचकांस आमची एक सूचना आहे. मुलास 'किती वेळ खेळलास' हा प्रश्न तर विचारावाच. पण त्याआधीं 'सध्यां काय खेळतोस, त्यांत चांगलें काय आणि वाईट काय' हें विचारावें. मुलगा भरभरून बोलूं लागला तर स्वस्थ ऐकावें, व मग वेळेचा बंध घालावा. त्याच्यापाशीं खेळाविषयीं सांगण्यासारखें कांहींच नसेल, नजर चुकवून तो विषय बदलीत असेल, तर मात्र त्याच दिवशीं जवळ बसून हिशेबाची विचारपूस करावी. आणि ती रागानें करूं नये, कारण कर्ज झालेला मुलगा रागावलेल्या घरांत खरें बोलत नाहीं.

कासूस जावयाचें असल्यास पौष-माघांत जावें. गाड्या थोड्या आहेत, त्यामुळें फलाटावर बसावें लागतें. त्याबद्दल कोणी खंत मानूं नये.