पावती क्रमांक एक

दोस्तांनो, गणपतीची वर्गणी मागायला तुमच्यापैकी कितीजण गेले आहेत? हात वर करा बरं! पावतीपुस्तक कोणी धरायचं यावरून भांडणंही झाली असतील. पण ते पुस्तक कधी नीट पाहिलंय? वरच्या पावतीवर नाव आणि रक्कम लिहायची, तिच्याखाली कार्बन, कार्बनखाली दुसरा कागद. वरची फाडून देणाऱ्याला द्यायची, खालची पुस्तकातच राहते. तिला म्हणतात स्थळप्रत. दोन्हींवर छापील क्रमांक एकच. एवढ्याशा पुस्तकाच्या पोटात किती हुशारी दडलेली आहे, हे मला कळलं ते कॉम्प्युटरवर तसंच पुस्तक तयार करायला बसलो तेव्हा.

आमच्या भागातलं एक वाचनालय वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना पुस्तकांच्या पेट्या पाठवतं. महिनाभर पेटी एका शाळेत, मग पुढच्या. मुलं वाचतात म्हणजे पुस्तकं फाटणारच. (पेटी अगदी कोरीकरकरीत परत आली, तर आम्हालाच वाईट वाटतं!) नवी पुस्तकं घ्यायला पैसे लागतात. गाव सोडून शहरात गेलेली माणसं विचारायची, "घरबसल्या देणगी देता येईल का हो?" मी प्रोग्रॅम लिहितो, म्हणून काम माझ्याकडे आलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, आता भाजीच्या गाडीवरसुद्धा तो काळा-पांढरा चौकोन असतो. तोच चिकटवायचा! पैसे येतील, खरं आहे. पण कोणी दिले, कशासाठी दिले, पावती कुठे पाठवायची, हे त्या चौकोनाला कुठे ठाऊक असतं? भाजीवालीचे पैसे तिचे स्वतःचे असतात. वाचनालयाचे पैसे लोकांचे. पै-पैचा हिशेब द्यावा लागतो.

आमच्याकडे हा हिशेब सांभाळतात त्या हिशेबनीस काकू. रोजकीर्द, खतावणी सगळं त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. कॉम्प्युटरशी त्यांचं फारसं जमत नाही. तरीही या प्रोग्रॅमचा अर्धा आराखडा त्यांचाच आहे, असं मी म्हणेन.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "पावती फाडायची ती पैसे हातात पडल्यावर. क्रमांक एकही गाळायचा नाही. आणि चुकलेली पावती फेकायची नाही. तिच्यावर 'रद्द' लिहायचं आणि दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या."

या तीन वाक्यांवर मी तीन आठवडे काम केलं!

पहिलं वाक्य घ्या. देणगीदार आमच्या पानावर नाव, पत्ता, रक्कम भरतो आणि 'देणगी द्या' हे बटण दाबतो. तिथून पुढचं काम पेमेंट गेटवे नावाची सेवा करते. कार्डाचा नंबर किंवा पिन आमच्याकडे येतच नाही. ते बरंच आहे म्हणा, जे आपल्याजवळ नाही ते चोरीला कसं जाणार? (जाता जाता एक घरी नक्की सांगा : पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. तसं कोणी सांगितलं, तर तो भामटा समजावा.) मग पैसे खरंच आले हे आम्हाला कसं कळणार? देणाऱ्याच्या फोनवर 'झालं' असं दिसलं, एवढ्यावर विसंबून चालत नाही. गेटवेकडून आमच्या कॉम्प्युटरला थेट निरोप येतो, तो खरा.

पण तो निरोप खरा कशावरून? उद्या कोणी खोटाच निरोप पाठवला तर? इथे मला शिवकालीन पत्रं आठवली. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे त्याखाली कोणाला एक ओळही घुसडता येऊ नये. गेटवेच्या निरोपावरही असंच मोर्तब असतं, फक्त ते आकडेमोडीचं. निरोपाचा मजकूर आणि फक्त आम्हा दोघांना माहीत असलेला गुप्त शब्द यांच्यावर एक किचकट गणित करून लांबलचक खूण तयार होते. आम्ही तेच गणित आमच्याकडे करून पाहतो. मजकुरात एक शून्य जरी वाढवलं, तरी खूण जुळत नाही.

आता क्रमांक. कॉम्प्युटरचा आपोआप वाढणारा क्रमांक फार घाईचा असतो. व्यवहार सुरू झाला की तो क्रमांक देऊन टाकतो, आणि व्यवहार मध्येच फिसकटला तर तो वाया जातो. काकूंना ४७ नंतर ४९ दिसला असता, तर त्यांनी विचारलंच असतं, "अठ्ठेचाळीसचे पैसे कोणाच्या खिशात गेले?" म्हणून तो क्रमांक वापरलाच नाही. पैसे आल्याची नोंद आणि पावतीचा क्रमांक एकाच दमात पडतात, नाहीतर दोन्ही पडत नाहीत. आणि पावती पुसून टाकायचं बटण? ते ठेवलंच नाही. फक्त 'रद्द'.

पैशांचीही एक गंमत सांगतो. गेटवेला ५०१ रुपये असं सांगत नाहीत, ५०१०० पैसे असं सांगतात. कारण दशांश चिन्ह आलं की कॉम्प्युटर डगमगतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज त्याला विचारा. खूपशा प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये उत्तराच्या शेपटाला कुठेतरी एक ४ डोकावतो!

मराठीने मात्र रडवलं. पावतीवर 'शिंदे' छापायला गेलं, की वेलांटी 'श'च्या मागे जाऊन बसे. कॉम्प्युटर आधी अक्षर आणि मग वेलांटी असं साठवतो. छापताना ती पुढे आणायची अक्कल आमच्या पावती छापणाऱ्या साधनाला नव्हती. ते बदललं.

मग आठवडाभर खोट्या पैशांची चाचणी चालली. गेटवे तशी सोय देतो. आम्ही मध्येच नेट बंद करून पाहिलं, बटण दोनदा दाबून पाहिलं. शेवटी खरी किल्ली बसवली आणि काकूंनी स्वतःच्या फोनवरून एक रुपया भरला. "चाचणीचाच आहे, पावती नको ना?" मी विचारलं. "रुपया खरा आहे ना? मग पावतीही खरी!" पावती क्रमांक एक काकूंची.

पाडव्याला सकाळी पान सगळ्यांसाठी खुलं झालं. अकराच्या सुमारास फोन वाजला. डोंगरावरच्या वाडीतले एक निवृत्त गुरुजी. तिथे रेंज मिळते ती घरामागच्या एका दगडावर उभं राहिलं तर. "अरे, पाचशे एक कापल्याचा बँकेचा मेसेज आला, आणि तुझं पान नुसतं गरगर फिरतंय. पुन्हा भरू का?"

"नका भरू, गुरुजी!" काकू माझ्या हातातला फोन घेत म्हणाल्या. गुरुजींचा महिना पेन्शनवर चालतो, हे त्यांना माहीत होतं.

पडद्यावर गुरुजींच्या नावापुढे होतं, 'वाट पाहत आहे'. पावती नाही. आमचा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी गेटवेला विचारत होता, आले का पैसे? उत्तर एकच, अजून नाही. काकू काही बोलत नव्हत्या. ते गप्प बसणं मला जास्त जड गेलं. अकरा मिनिटांनी निरोप आला : जमा. पावती क्रमांक ९. आणि दोनच मिनिटांनी तोच निरोप पुन्हा आला! गेटवेला आमची पोच मिळाली नाही, की तो तेच परत सांगतो. पण प्रत्येक व्यवहाराला स्वतःची खूण असते. ती खूण वहीत आधीच होती, म्हणून दुसऱ्या निरोपाला फक्त 'पोचलं' एवढंच उत्तर गेलं. दहावी पावती दुसऱ्याच कोणाच्या नावाने फाटली.

गुरुजींकडे ई-मेल नव्हता. काकूंनी त्यांची पावती कागदावर छापून घेतली, पाकिटात घातली आणि मला विचारलं, "आणि स्थळप्रत?"

"ती कॉम्प्युटरमध्ये आहे की, काकू."

"असू दे. आणखी एक छाप."


तेव्हापासून प्रत्येक पावतीची एक प्रत त्यांच्या फायलीत लागते.