पत्रिका

बोरी अरब, ३ नोव्हेंबर २०२४
भाऊबीज. मामी म्हणाली, यंदा दोघांचंही उरकून टाका. आई म्हणाली, "पोराचं होईन. हिचंच अवघड हाये."

५ नोव्हेंबर
कापूस वेचला. आईनं ओढणी तोंडाला घट्ट बांधायला लावली. नुसते डोळे उघडे. दादा दिवसभर बनियनवर. त्याला कुणी काही म्हणत नाही.

७ नोव्हेंबर
यवतमाळहून येताना बस अडाणच्या पुलावर, तेव्हा स.चा फोन. त्याच्या आईला माझा फोटो दाखवला. "नाकीडोळी बरी आहे म्हणाली, पण..." पुढचं बोललाच नाही.
रात्री तो फोटो मागवला. अ‍ॅपमधून उजळवलेला. ती मी नाहीच. आणि तीही त्यांना चालली नाही.
कॉलेजपासूनची ओळख. एवढ्या दिवसांत त्यानं माझ्या रंगाचा विषयही काढला नव्हता. मी समजत होते, त्याला तो दिसतच नाही.

१० नोव्हेंबर
आईनं पार्लरमधून डबी आणली. वर नाव नाही, आत काय तेही नाही. पंधरा दिवसांत फरक पडतो म्हणे.
अकोल्याची बातमी शोधली, २०२३ मधली. एकाच घरातल्या तिघी, अशीच क्रीम, तिघींच्याही किडन्यांवर परिणाम. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली, क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. तोच रक्तात उतरतो. आईला सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "लोकं मलेच बोलतेत ना वं."
डबी मोरीत रिकामी करणार होते. ते पाणी शेवटी परसातल्या भाजीलाच जातं. गाठोड्यात बांधून ठेवली.

१३ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न. दादाला नेरकडचं स्थळ. मुलगी नर्स. बायोडाट्यात 'वर्ण : सावळा' असं लिहिलंय. सगळे 'निमगोरा' लिहितात. न पाहताच आवडली मला.

१७ नोव्हेंबर
जाऊन आलो. पोहे, चहा, नेहमीचे प्रश्न. मग तिनंच दादाला विचारलं, कापूस काय भावानं गेला? दादा खुलला. हमीभाव ७५२१, व्यापारी किती पाडून मागतात, सगळं सांगत बसला. दोघं छान बोलले.
गाडीत बसल्यावर म्हणतो, "फोटोपेक्षा काळी हाये."
दादा माझ्याच रंगाचा आहे.

१८ नोव्हेंबर
झोप नाही. जून २०२० आठवला. शादी डॉट कॉमनं रंगानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली. फेअर अँड लव्हलीनं १९७५ पासूनच्या नावातला 'फेअर' काढायचं जाहीर केलं. मैत्रिणींनी एकमेकींना त्या बातम्या पाठवल्या होत्या. वाटलं होतं, आमची लग्नं ठरेपर्यंत हे मागे पडेल.

२० नोव्हेंबर
मतदान करून आले. स.चा मेसेज : "आई म्हणते पत्रिका जुळत नाही."
पत्रिका मी दिलीच नव्हती.

२१ नोव्हेंबर
जेवताना बाबा म्हणाले, नेरच्या लोकांना फोन करून टाक, पत्रिका जुळत नाही म्हणून सांग. बाईमाणसानं सांगितलं की वाईट वाटत नाही.
मी फोन घेतला. स.चा मेसेज काढला. मोठ्यानं वाचला.
दादा ताटावरून उठला.

२२ नोव्हेंबर
घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

२४ नोव्हेंबर
"कोन होय तो?" दादानं विचारलं. डोळे लाल. नाव सांगितलं नाही. म्हटलं, आधी नेरला फोन कर. खरं कारण सांग.
"असं कोनी सांगते काय?"
"मलाही कुणी सांगितलं नाही."

२७ नोव्हेंबर
दादानं फोन केला. तिलाच, गोठ्यामागे जाऊन. खूप वेळ. काय बोलला ते सांगत नाही. एवढंच म्हणाला, पुन्हा भेटू का म्हणून विचारलं. ती विचार करून कळवते म्हणाली.
आई हबकली. "आपल्याले नाही म्हनन काय ते?"
म्हणू दे.